राजदूताच्या पोटातला चिमटा

वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. एक म्हणजे ठेचा खाताना डोळ्यांत आलेलं पाणी उन्हाच्या नावावर खपवणं, आणि दुसरी म्हणजे बंद पडलेलं यंत्र दिसलं की ते उघडून बसणं. यंत्र कुठलंही असो. कंदील असो, शिवणयंत्र असो, नाही तर मोटरसायकल असो. उघडण्याची विद्या आम्हांला उपजत आहे. पुन्हा बंद करण्याची विद्या थोड्यांना असते. आणि बंद करताना आत आपलं काय राहिलं आहे हे ओळखण्याची विद्या तर इतकी दुर्मिळ, की तिच्यापायी अमेरिकेसारख्या देशालाही एकदा घाम फुटला होता. त्या घामाची हकीकत पुढे येईलच. आधी अमरावती.

आता घरीच गाडी उघडण्याची ही हौस नुसती हौस नव्हती, तिच्यामागे अर्थशास्त्र होतं. परमिट-लायसनचे ते दिवस. पुण्याजवळच्या आकुर्डीहून निघणाऱ्या बजाज स्कूटरसाठी नंबर लावून दहा-दहा वर्षं वाट पाहावी लागे. लग्न ठरलं की स्कूटर बुक करावी आणि थोरल्याच्या मुंजीत ती दारात यावी, असा साधारण हिशेब. एवढ्या तपश्चर्येने आलेलं वाहन माणूस मिस्त्रीच्या हवाली कसं करील? ते मरेपर्यंत टिकवायचं, आणि तेही आपल्याच हाताने, हा धर्म होता. मोडीत काढणं हा शब्द आमच्याकडे अपशकुनी. मूर्तिजापूरला जाऊन बघितलं असतं तर पटलं असतं. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन तिथल्या शकुंतला गाडीला जुंपलेलं होतं, आणि ते सुटलं एकदम १९९४ च्या एप्रिलात. सत्तर वर्षं! एवढ्या काळात साहेब गेले, संस्थानं गेली, वऱ्हाड मध्य प्रांतातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आलं; इंजिन अचलपूरच्या वाटेवर धूर सोडत राहिलं.

तर आमच्या काकांकडे होती राजदूत. हे नाव ऐकून परराष्ट्र खात्याची आठवण होण्याचं कारण नाही, पण परराष्ट्राशी तिचा संबंध होता खरा. पोलंडात एसएचएल एम-११ नावाची एक साधीसुधी मोटरसायकल होती. तिच्यावरून एस्कॉर्ट्‌स कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे ही पावणेदोनशे सीसीची गाडी काढली. थंडीत कुडकुडणाऱ्या देशासाठी घडलेलं ते बेणं पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकावून वीस-वीस वर्षं धावलं. १९७३ साली 'बॉबी' सिनेमा आला आणि त्यात ऋषी कपूर आणि डिंपल राजदूतच्याच एका बुटक्या भावंडावर बसून पळून गेले. त्यामुळे काही तरुणांना राजदूतबद्दल वेगळ्या आशा वाटू लागल्या. पण आमच्या गाडीवर मागच्या सीटवर नेहमी सरकीची ढेपच बसलेली असे.

राजदूत टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पाजायचं. पेट्रोल जळून जातं, ऑइल पुरतं जळत नाही, आणि त्याची काजळी पिस्टनच्या डोक्यावर, हेडमध्ये आणि सायलेन्सरच्या घशात थर धरते. काही हजार किलोमीटर झाले की गाडी दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकू लागते. मग तिचा 'कार्बन काढायचा'. सायलेन्सर उतरवायचा, हेडचे नट सोडायचे, सिलिंडर अलगद वर उचलायचा, आणि खरवडत बसायचं. यात धोक्याची जागा एकच. सिलिंडर उचलला की इंजिनाचं पोट उघडं पडतं. कनेक्टिंग रॉड त्या पोटातून मान वर काढून उभा असतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना फ्लायव्हीलच्या जाड चकत्या असतात. त्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून मगच पुढचं काम करायचं, हे प्रत्येक मिस्त्री सांगतो. काकांनी फडकं कोंबलं होतं, हे इथे नमूद करतो. इतिहासात कोणावर अन्याय नको.

१९८० चा मे महिना. राजापेठेतल्या आमच्या वाड्याचं अंगण, लिंबाची सावली आणि रविवार. मी तेव्हा आठवीत, आणि माझ्याकडे पाने पुढे करण्याचं खातं होतं. बारा-तेराचा पाना, पक्कड, पेचकस ही सगळी मंडळी गोणपाटावर ओळीने मांडलेली. काम खरं तर वेळेवर चाललं होतं. घाई एवढ्याचसाठी होती, की दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या दादाला, म्हणजे काकांच्या चिरंजीवांना, याच गाडीवर अकोल्याला कृषी विद्यापीठात मुलाखतीसाठी जायचं होतं.

खरवडताना काजळीची एक खपली फडक्याच्या कडेला अडकली. ती बोटाने निघेना, पक्कड जाईना. काकांनी आत जाऊन काकूंच्या जुडग्यातला चिमटा आणला. नव्या पिढीला हे जुडगं ठाऊक नसेल. एका कडीत तीन पितळी वस्तू ओवलेल्या असत: कानकोरणं, दातकोरणं आणि काटा काढायचा चिमटा. वऱ्हाडात बाभळी उदंड आणि पोरं अनवाणी, त्यामुळे घरच्या औषधपेटीत आयोडिनच्या खालोखाल या चिमट्याचा मान. काकूंना तो माहेरहून आलेला, लांबीला जेमतेम दोन बोटं. काकांनी तो कडीतून सोडवून आणला. खपली निघाली. तेवढ्यात दाराशी कोणी तरी 'आहेत का साहेब?' म्हणून आलं, काका उठले, बोलले, परत आले, फडकं ओढून काढलं, सिलिंडर चढवला, हेड आवळलं. सायलेन्सर चुलीच्या निखाऱ्यावर काजळी जाळत पडला होता, तो सकाळी लावू म्हणाले. त्या सायलेन्सरचे उपकार या घराण्यावर फार आहेत. तो त्याच संध्याकाळी बसला असता, तर काकांनी सवयीने एक कीक मारून पाहिली असतीच.

संध्याकाळी धाकटीच्या पायात काटा मोडला.

"अहो, माझा चिमटा कुठे ठेवला?"

काकूंच्या हातात कडी होती आणि कडीत दोनच वस्तू होत्या. काका म्हणाले, "असेल इथेच कुठे तरी." हे वाक्य मराठी संसारात रोज शंभर वेळा उच्चारलं जातं आणि त्याने आजवर कुणाचंही काही बिघडलेलं नाही. त्या दिवशी मात्र काकांचा चेहरा मी पाहिला. ते कंदील घेऊन अंगणात गेले, गोणपाट झटकलं, लिंबाखालची माती चाळली, आणि मग बराच वेळ मोटरसायकलकडे बघत उभे राहिले. काटा शेवटी सुईने काढला. जेवणं झाली. काका काही बोलले नाहीत.

आता त्यांच्या मनात काय चाललं असेल ते बघा. चिमटा आत पडलाच असेल असं नव्हतं. उंदरानेही नेला असेल. आणि पडला आहे म्हणायचं, तर अख्खं इंजिन पुन्हा खोलायचं, मुलाचा खोळंबा करायचा, आणि काकूंच्या माहेरच्या चिमट्याचं काय झालं हे काकूंना सांगायचं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड. उलट बाजूला दुसरं गणित होतं. अमरावतीहून अकोला शंभराच्या आत-बाहेर किलोमीटर. मालट्रकांनी भरलेला तो सहा नंबरचा हायवे. इंजिन मिनिटाला हजारो फेरे फिरतं. त्यात पितळेचा तुकडा फ्लायव्हीलच्या आणि पोटाच्या भिंतीच्या सांध्यात चेपला की इंजिन जागच्या जागी आवळतं, मागचं चाक कुलूप लावल्यासारखं थांबतं, आणि मागून ट्रक येत असतो.

(त्याच रस्त्याबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह होतो. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला पट्ट्यात पंचाहत्तर किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरून काढली आणि गिनीज बुकात नाव गेलं. आमच्या काकांना एक चिमटा काढायला किती वेळ लागला हे पुढे येईल. तुलना ज्याने त्याने करावी.)

रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली ती काकांच्या आवाजाने. अंगणात खाटा टाकलेल्या, चांदणं पडलेलं, आणि काका दादाच्या उशाशी बसून सांगत होते, "अरे ऊठ. तू सकाळच्या एस.टी.नं जा. गाडीत चिमटा पडला आहे."

'असावा' नाही, 'पडला आहे.' दादा उठून बसला. पलीकडच्या खाटेवरून काकूंचा आवाज आला, "मला संध्याकाळीच कळलं होतं." आणि कूस बदलल्याचा आवाज झाला. एवढ्यावर तो विषय मिटला. पाच तास ज्या वादळाची भीती वाटली, त्यातून चार थेंबसुद्धा पडले नाहीत.

दादा पहाटे एस.टी.ने गेला, अकोल्याला वेळेत पोचला, आणि ती नोकरी त्याला मिळाली नाही. पण तो मोटरसायकलचा दोष नव्हे.

सकाळी मिस्त्री आला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "भाऊ, कीक तं नाई मारली?"

"नाही."

"मंग गाडीबी वाचली अन् तुमीबी. आता कोनी चाकाले हात लावाचा नाई."

हे फार शहाणपणाचं बोलणं. अशा वेळी हौशी माणूस फ्लायव्हील फिरवून बघतो. आत पडलेली वस्तू आडवी असली तर फिरवताना उभी होते, उभी असली तर रुतते. सिलिंडर पुन्हा उतरला. बॅटरीच्या उजेडात पोटात डोकावलं, तर अगदी तळाशी, फ्लायव्हीलच्या आडोशाला, पिवळं काही तरी चमकत होतं. सगळ्या वाड्याने आळीपाळीने दर्शन घेतलं.

मग शेजारच्या पोस्टमास्तरांनी विज्ञानाचा मार्ग सुचवला. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यांच्याकडे होतं. मोठ्या तयारीने ते सुतळीला बांधून आत सोडलं. ते आत जाताच टक्कन कनेक्टिंग रॉडला चिकटलं. सोडवलं, तर फ्लायव्हीलला चिकटलं. त्या पोटातल्या यच्चयावत पोलादाला त्याने मिठी मारली, आणि ज्याच्यासाठी ते पाठवलं होतं त्या चिमट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कारण चिमटा पितळी. चुंबक धावतं लोखंड, निकेल, कोबाल्ट यांच्यामागे; तांबं आणि जस्त यांच्या अपत्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. हे मला आठवीच्या पुस्तकामुळे ठाऊक होतं, पण मोठ्यांच्या सभेत पोराने बोलायची तेव्हा पद्धत नव्हती.

शेवटी मिस्त्रीने फर्मान काढलं: "गाडी पालथी करा." पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरी काढली, गियरबॉक्सचं ऑइल काढलं. अंगणात पोती पसरली आणि तीनेक मणांचं ते धूड पाच जणांनी मिळून उलटं केलं. चाकं आभाळाकडे करून पडलेली मोटरसायकल फार केविलवाणी दिसते. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून "काय झालं हो?" विचारू लागले, एकाने तर टोपी काढली. मिस्त्रीने लाकडी हातोडीने पोटावर हलकेच ठोकलं. आत किणकिण झाली. पुन्हा ठोकलं. चिमटा घसरून तोंडाशी आला आणि तिरपा अडकला. आता बोट जाईना, पक्कड जाईना. काढायला नेमका चिमटा हवा होता, आणि चिमटा तर आत होता.

तेव्हा काकू बाहेर आल्या. हातात क्रोशाची सुई. मिस्त्रीने ती आकड्याची बाजू आत घालून एकदा फिरवली, आणि दोन बोटांचा तो पितळी जीव, ऑइलने न्हालेला, पोत्यावर पडला. दुपारचे साडेबारा वाजले होते. काट्याने काटा काढतात तो असा. काकूंनी चिमटा राखेने घासला, कडीत ओवला आणि जुडगं त्या दिवसापासून कुलुपात गेलं.

एवढंच असतं तर हा नुसता घरगुती किस्सा झाला असता. पण त्यानंतर चारच महिन्यांनी, १९८० च्या १८ सप्टेंबरला, अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या दमास्कस नावाच्या खेड्याजवळ हाच किस्सा फार मोठ्या मापाने घडला. तिथे जमिनीखालच्या विहिरीत टायटन-२ क्षेपणास्त्र उभं होतं. आपल्याकडे विहिरीत गाळ असतो. त्यांच्याकडे नऊ मेगाटनांचा अणुबाँब. संध्याकाळी एक तरुण तंत्रज्ञ पाना लावून झाकण सोडवत होता. कामासाठी नेमून दिलेला पाना वर गाडीतच राहिला होता, म्हणून तो आणायचा कंटाळा करून जुन्याच पान्यावर काम चाललेलं. वऱ्हाडी माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागू नये. पान्याच्या टोकाचं सॉकेट निसटलं. आठ पौंडांचा गोळा, सुमारे ऐंशी फूट खाली पडला, आपटून उसळला, आणि क्षेपणास्त्राच्या कातडीला भोक पाडून गेला. इंधनाची वाफ विहिरीत भरू लागली.

आणि वरच्यांना पहिल्यांदा कळलं ते एवढंच, की खाली पांढरं धुकं दिसतं आहे. काय पडलं, कुठे लागलं, हे कळायला वेळ गेला. म्हणजे 'असेल इथेच कुठे तरी' याचंच इंग्रजी भाषांतर. ती वेळ वाचली असती तर पुढचं टळलं असतं की नाही, यावर तिथले जाणकार आजही वाद घालतात. मला तो वाद वाचताना चांदण्यातल्या खाटेवर बसलेले काका दिसतात, हे सांगून मी बाजूला होतो. पहाटे तीनच्या सुमाराला स्फोट झाला. विहिरीवरचं सातशे टनांच्या वरचं झाकण उडालं, डेव्हिड लिव्हिंगस्टन नावाचा जवान प्राणाला मुकला, कित्येक जखमी झाले. बाँब मात्र उडून बाहेर पडला आणि फुटला नाही. एरिक श्लोसर यांनी २०१३ साली या प्रकरणावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते रात्री वाचू नये.

अवकाशातही हेच. २००८ च्या नोव्हेंबरात हायडमेरी स्टेफनिशिन-पायपर ही अंतराळवीर स्थानकाबाहेर काम करत असताना पिशवीत ग्रीस सांडलं. ते पुसता पुसता हत्यारांची पिशवीच हातातून निसटली आणि तरंगत निघाली. किंमत लाखभर डॉलर. पृथ्वीवर वस्तू खाली पडते तरी; तिथे ती पडतही नाही, नुसती डोळ्यांदेखत दूर जाते. दुर्बिणीतून लोकांनी ती पिशवी पाहिली, आणि पुढच्या ऑगस्टात ती वातावरणात शिरून जळाली. तिथे पालथं करायलाही काही नव्हतं.

पण या इतिहासातला खरा वऱ्हाडी अध्याय ऑपरेशन थिएटरात आहे. मोटरसायकल काय आणि माणूस काय, पोट उघडून काम करणाऱ्यांचं दुखणं एकच. आत राहिलेल्या कापसाच्या बोळ्यावरून शरीरात जी गाठ धरते तिला डॉक्टर लोक 'गॉसिपिबोमा' म्हणतात. यातलं 'गॉसिपियम' म्हणजे आपली पऱ्हाटी! उरलेलं 'बोमा' हे स्वाहिली, म्हणजे दडण्याची जागा. अकोल्याच्या बाजारात ज्या पिकाचे भाव ऐकून माणसं आजारी पडतात, त्याचं नाव जगभरच्या आजाराला लागलं आहे, ही आम्हांला अभिमानाची गोष्ट की काय, हे ठरवता येत नाही.

या गोष्टीचा नीट हिशेब मांडला तो अतुल गावंडे या सर्जनने. त्यांचा जन्म अमेरिकेतला, पण वडील डॉक्टर आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. म्हणजे चार जिल्ह्यांच्या वऱ्हाडातलेच. २००३ साली अतुलरावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५४ रोग्यांचे कागद तपासले. त्यांच्या शरीरांत मिळून ६१ वस्तू राहिल्या होत्या, शंभरात ६९ कापसाच्या आणि बाकीची हत्यारं. तातडीच्या ऑपरेशनात हा धोका नऊपट, आणि ऑपरेशन चालू असताना अचानक बेत बदलला तर चौपट. दाराशी कोणी तरी 'आहेत का साहेब?' म्हणून आलं, तर किती पट, हे त्यांनी दिलेलं नाही. पण सगळ्यांत नवलाची गोष्ट वेगळीच होती. जिथे ऑपरेशनआधी आणि नंतर वस्तू मोजलेल्या होत्या, तिथेही बहुतेकांच्या कागदावर 'मोजदाद बरोबर' असंच लिहिलेलं होतं. कडीत दोनच वस्तू असताना तीन मोजणारे हुशार लोक जगात सर्वत्र आहेत.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने गावंड्यांच्या पुढाकाराने ऑपरेशनासाठी १९ कलमांची एक यादी केली. २००८ साली ती जाहीर झाली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यांत एक दिल्लीचं, ती वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशनानंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आलं. यादीत भारी विज्ञान काही नाही. शेवटच्या भागात एक कलम असं आहे, की रोग्याला थिएटरबाहेर नेण्याआधी नर्सने हत्यारं, कापूस आणि सुया यांची मोजदाद पुरी झाल्याचं तोंडाने सांगायचं. सर्वांदेखत, सर्वांना ऐकू जाईल असं. परदेशी रुग्णालयांत म्हणे हे लोकांच्या अंगवळणी पाडायला फार सायास पडले. मोठ्याने बोलायला माणसं संकोचत. ही चाचणी अमरावतीला घेतली असती, राजेहो, तर निदान ऐकू जाण्याची अडचण आली नसती. आमच्याकडे नर्स थिएटरात बोलली की रोग्याच्या नातेवाइकांना खालच्या चहाच्या टपरीवर कळतं, की कापूस सगळा बाहेर आला.